सर्व्हरवरचा नारळ

केदारने सर्व्हरवरचा नारळ दोन्ही हातांनी उचलला आणि ठेवायचा कुठे ते न कळून तो तसाच उभा राहिला. नारळाच्या शेंडीला हळदीकुंकू होतं. खाली त्या करड्या पेटीच्या माथ्यावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं होतं, आणि शेजारच्या मांडणीवर ओळीने ठेवलेल्या मोडेमना प्रत्येकी एक झेंडूचं फूल वाहिलं होतं. उदबत्तीची राख की-बोर्डवर सांडली होती. पण त्याला हादरवलं ते या सगळ्याने नाही. खोलीत आवाजच नव्हता. रात्रंदिवस घरघरणारे पंखे गप्प होते आणि मोडेमवरचे हिरवे दिवे एकजात विझले होते.

वीज गेली म्हणावं, तर डोक्यावरचा बल्ब लख्ख जळत होता. त्याने भिंतीकडे पाहिलं. मोठं बटण खाली पाडलेलं होतं, आणि त्या बटणालाही कोणीतरी आठवणीने कुंकवाचं बोट लावलं होतं.

"प्राची!"

प्राची पिठाचे हात घेऊनच स्वयंपाकघरातून आली. नवऱ्याच्या खांद्यावर नागपूरच्या प्रवासाची बॅग तशीच लटकलेली, हातात नारळ, आणि चेहरा पांढराफटक. ती दारातच थबकली.

"हे काय आहे?"

"खंडेनवमी ना आज," ती हळूच म्हणाली. "मामाजीनं पूजा मांडली."

"बंद काहून केलं?"

"मी देवळात गेलती. आली त हे असं. मी म्हटलं त्यायले, का हे चालू ठेवा लागते. तं म्हणे, पूजेतल्या वस्तूले हात लावत नसतात. उद्या उत्तरपूजा झाली का लावून देऊ."

"मले फोन करायचा!"

"कुठं करू? तुमी बसमध्ये होते."

ते खरंच होतं. केदार पहाटे नागपूरहून निघाला होता आणि दिवसभर तुमसर, वारासिवनी असे धक्के खात संध्याकाळच्या तोंडाला बालाघाटात उतरला होता. म्हणजे सकाळी आंघोळ करून मामाजींनी, म्हणजे केदारच्या वडिलांनी, बंडोपंतांनी बटण खाली ओढलं तेव्हापासून आतापर्यंत त्याचं दुकान बंद होतं. आणि त्याचं दुकान म्हणजे काही पानठेला नव्हे, की शटर ओढलं तर गिऱ्हाईक शेजारी जाईल. गावातल्या ज्याला ज्याला इंटरनेट लागे त्याचा कम्प्युटर टेलिफोनच्या तारेवरून या खोलीला हाक मारी. इथून एक तार नागपूरला जाई आणि नागपूरहून पुढे साऱ्या जगात. दोन हजार दोन साली बालाघाटसारख्या गावात हे चालवायचं म्हणजे थट्टा नव्हती. त्या खोलीचं नाव होतं 'वैनगंगा नेट', आणि तिच्यापायी केदारने सिंचन खात्यातली पक्की सरकारी नोकरी सोडली होती.

ज्या घरात आजोबा जमिनीच्या बंदोबस्त खात्यात, वडील तहसीलीत हेडक्लार्क आणि काका वनविभागात, त्या घरात सरकारी नोकरी सोडणं म्हणजे देवघरातला टाक उचलून विहिरीत टाकण्यासारखंच होतं. बंडोपंत तेव्हा काही बोलले नव्हते. आठवडाभर त्यांनी जेवताना मान वर केली नव्हती, एवढंच.

आणि आता कुठे गाडी रुळावर येत होती. नागपूरची मोठी कंपनी अख्ख्या जिल्ह्याची एजन्सी द्यायला तयार झाली होती. अट एकच: पितृपक्ष लागल्यापासून दसऱ्यापर्यंत केदारची सेवा अखंड चालून दाखवायची. नागपूरच्या ऑफिसात एका पडद्यावर बालाघाटच्या नावाने हिरवा ठिपका होता, तो लाल होता कामा नये. जमलं तर एजन्सी केदारची. नाही तर ती जबलपूरच्या एका पार्टीकडे जाणार, आणि नागपूरची तारही केदारकडून काढून घेणार. सरकारी टेलिफोनवाल्यांनी आपलं स्वस्त इंटरनेट विकायला सुरुवात केली होती, तेव्हा तार गेली की 'वैनगंगा नेट'ला कुलूपच.

कंपनीने त्याच्याकडून या धंद्यातले धोकेही लिहून मागवले होते. केदारने विचार करकरून लिहिले होते: आषाढातली वीज, विजेचा लपंडाव, तार कुरतडणारे उंदीर, रस्ता खोदणारी नगरपालिका, सरकारी स्वस्ताई. कालच नागपुरात कंपनीच्या मधुवंती मॅडमनी तो कागद वाचून मान डोलावली होती. "सगळा विचार केलेला दिसतोय," असं त्या म्हणाल्या होत्या. धोक्यांमध्ये वडील घालायचे हे कोणाला सुचणार?

"आलास?" मागून बंडोपंतांचा आवाज आला. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू नातवाचं बारसं करून उठले आहेत. "पाह्य, कशी झाली पूजा. फुलं मी सोता आणली सकाळी. अरे, नारळ काहून उचलला? ठेव तो, ठेव."

"बाबा, हे बंद काहून केलं तुमी?"

"आता पूजेत मांडलं म्हणजे बंद करा लागन ना? वर्षभर राबते बिचारं. दिवस नाही, रात नाही. पोळ्याच्या दिवशी आपण बैलाले जुंपतो का? एक दिवस त्याले आराम नको?"

केदारला रडावं की ओरडावं ते कळेना. मग तो ओरडला.

"बैल नाही हो ते! तिकडं लोकं खोळंबून बसले असतील! तुमच्या तहसीलीत फायली झोपल्या वर्षानुवर्षं, कोणाचं काही बिघडलं नाही. इथं एक मिनिट झोपता येत नाही. माझं सगळं बुडवलं तुमी. सगळं! आता मेहेरबानी करा, या खोलीत पुन्हा पाय नका ठेवू."

प्राचीने पदराचं टोक तोंडाशी नेलं. बंडोपंत म्हणजे चौतीस वर्षं साहेबलोकांची बोलणी खाल्लेला माणूस, पण घरातल्या पोराकडून असं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी खाली वाकून पूजेचं आसन उचललं, त्याची नीट घडी केली आणि ते काखेत धरून निघून गेले. नारळ केदारच्याच हातात राहिला.

बटण वर केल्यावर पंखा कर्रकर्र करून थांबला. पेटी उघडून पाहिली तर आत अक्षता. तुळशीच्या पानाने शिंपडलेल्या पाण्याने काही दाणे फुगून पात्यांत अडकले होते. केदार मांडी घालून बसला, प्राचीने आपल्या केसांतली पिन काढून दिली, आणि ती टॉर्च धरून उभी असताना त्याने एकेक दाणा उचकटून काढला. करायला गेले गणपती आणि झालं माकड ते हेच, असं त्याच्या मनात येत होतं आणि त्याच्या दातओठ खाण्याला खंड नव्हता. दिवेलागणीनंतर पंखा एकदाचा फिरला आणि हिरवे दिवे एकामागून एक लागले.

मग तो टेलिफोनजवळ जाऊन बसला. आता फोन येणार, लोक शिव्या घालणार, याची त्याने तयारी केली. 'तांत्रिक अडचण होती, माफी असावी,' हे वाक्य त्याने मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. फोन वाजला नाही. चला, लोक सणात आहेत, त्याला हायसं वाटलं. मग जेवण झालं, शेजारच्या देवीच्या मांडवातली आरती झाली, तरी फोन वाजला नाही. त्याने रिसीव्हर उचलून पाहिला. आत सूर व्यवस्थित येत होता.

फोन वाजला तो दसऱ्याच्या सकाळी, आणि तोही नागपूरहून.

"केदारजी, काल दिवसभर तुमचा ठिपका लाल होता." मधुवंती मॅडमचा आवाज कोरडा होता. "काय झालं होतं?"

खोटं बोलायला वीज होती, उंदीर होते, नगरपालिका होती. पण केदारच्या तोंडून खरंच निघून गेलं. "खंडेनवमीची पूजा होती, मॅडम. वडिलांनी सर्व्हर पूजेत मांडला."

पलीकडून एक अर्धवट दाबलेलं हसू ऐकू आलं.

"हे मला रिपोर्टात लिहिता येईल का, सांगा बरं! असो. मी आज बहिणीकडे वारासिवनीला येतेय. उद्या सकाळी तिथून तुमच्याकडे येते. हे बघा, बंद पडणं मला कळतं. नागपुरातही पडतं. मला फक्त एक दाखवा, तुमच्याकडे तक्रारी किती आल्या. आमच्याकडे दहा मिनिटं गेलं की लोक दारात येऊन आईबाप काढतात. तो धंदा जिवंत असल्याचा पुरावा. ज्या दुकानाला दिवसभर कुलूप लागलं तरी कोणी कडी वाजवत नाही, ते दुकान आम्ही कशाला चालवायचं?"

केदारने फोन ठेवला आणि हे सगळं प्राचीला शब्दन् शब्द सांगितलं. "एक जरी तक्रार आली असती ना," तो शेवटी म्हणाला. बैठकीत बंडोपंत वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

मग केदारनेच फोन फिरवायला सुरुवात केली. माफी मागण्याचं निमित्त, पण खरं म्हणजे त्याला कोणाच्या तरी तोंडून शिव्या ऐकायच्या होत्या. पहिला फोन लावला पौर्णिमा मॅडमना. त्या कॉलेजात शिकवत.

"हौ का? बंद होतं का?" त्या म्हणाल्या. "आमाले कसं समजन? आमी त कम्प्युटरले हळदीकुंकू लावून ठेवलं होतं. पोराले हात नाही लावू देला."

केदार हसला. हे तर घरोघरी असणारच. त्याने वकिलांना लावला. वकीलसाहेबांनी सोन्यासारख्या दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या, आणि बंदचं ऐकून म्हणाले, "अरे, पोरगा पुण्याले गेला तवापासून ते झाकूनच ठेवलं आहे. तुझ्या काकूनं लोकरीचं कव्हर इणलं त्याच्यावर. दिवाळीत येते ना पोट्टा, तवा उघडू."

"पण काका, तुमी दर महिन्याले पैसे त देता."

"मंग? देऊ नाही का?"

पुढच्या घरी सूनबाईला इंटरनेट कशाला म्हणतात तेच माहीत नव्हतं. त्यापुढच्यांनी फोनची तार आपल्या टेबलापासून काढून देवघराजवळ नेली होती, कारण फोन तिथे बरा पडे. केदारचे कान तापले. तो एकेक नंबर फिरवत गेला आणि प्रत्येक वेळी पलीकडून तेच आश्चर्य ऐकू आलं, बंद होतं का? दोन वर्षं त्याने विजेशी, उंदरांशी, टेलिफोनवाल्यांशी झुंज घेतली होती. रात्री उठून दिवे पाहिले होते. आणि ज्यांच्यासाठी पाहिले ते लोकरीचं कव्हर घालून झोपले होते.

शेवटचा फोन दुलीचंद सेठना. त्यांची धानाची गिरणी होती. तांदळाचे भाव पाहायला तरी त्यांना इंटरनेट लागत असणार, अशी त्याला आशा होती.

"भाव?" सेठ हसले. "बेटा, भाव तो गोंदिया से फोन पे आता है. वो डब्बा तो मुनीम के बाजू में रखा है, शोभा देता है."

"मग कनेक्शन कशाला घेतलं सेठ तुमी?"

सेठ मराठीतही बोलत, मनातलं सांगायचं असलं की मुद्दाम मराठीत बोलत.

"तुले माहीत नाही? बंडोपंत आले होते ना घरी. छत्री घेऊन, उन्हाचे. म्हणे, सेठ, माझ्या पोरानं नोकरी सोडली, हे नवीन काही काढलं. मले त्यातलं समजत नाही, पण पोरगा हुशार आहे. एक घेऊन पाहा. अब बंडोपंत ने जिंदगी में किसी से कुछ माँगा नहीं. तहसील में थे तो चाय तक नहीं पी किसी की. ना कसा म्हणू? आन मीच काय, पुऱ्या गावात फिरले ते."

केदारने फोन कधी ठेवला, ते त्यालाच कळलं नाही. प्राची दारात उभी होती.

"तुले माहीत होतं?"

"हौ," ती म्हणाली. "मामाजीनं शपथ घातली होती."

त्याला पहिल्यांदा राग आला, मग लाज वाटली, आणि मग या दोन्हींच्या खालून एक नुसताच धक्का वर आला. धंद्याचे धोके लिहून काढताना त्याला वाटलं होतं की काय काय मोडू शकतं ते सांगायचं असतं. इथे मोडायला काही उभंच नव्हतं. बाप उन्हातान्हात दारोदार गेला होता, आणि त्यावर हे हिरवे दिवे लुकलुकत होते.

संध्याकाळी बंडोपंत सीमोल्लंघनाहून आले. रीतीप्रमाणे केदारने वाकून नमस्कार केला आणि आपट्याची पानं त्यांच्या हातावर ठेवली. "सुखी राहा," बंडोपंत पानांकडे बघत म्हणाले. केदारला माफी मागायची होती. पण बंडोपंत पाय धुवायला मोरीकडे वळले, आणि ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मधुवंती मॅडम आल्या तेव्हा बंडोपंत घरात नव्हते. चहा घेऊन, उरलेली आपट्याची पानं पिशवीत भरून ते सकाळीच सोनं वाटायला बाहेर पडले होते. मॅडमनी खोलीतली मांडणी पाहिली, तारा पाहिल्या. एका मोडेमच्या सांदीत अडकलेली झेंडूची पाकळी त्यांनी दोन बोटांनी काढली आणि काही न बोलता टेबलावर ठेवली. मग त्या खुर्चीत बसल्या.

"बोला, केदारजी. किती तक्रारी?"

केदारने रात्रीच ठरवून ठेवलं होतं. एकही नाही, असं सांगायचं, हात जोडायचे आणि विषय संपवायचा. त्याने तोंड उघडलं आणि फोन वाजला.

"काय चालवलं आहे रे हे?" वकीलसाहेब कोर्टात उलटतपासणी घेतल्यासारखे गरजले. मॅडमना आपल्या जागेवरून ऐकू गेलं. "परवा दिवसभर इंटरनेट बंद! माझं केवढं काम खोळंबलं! ही काय सेवा आहे का?"

"काका," केदार चाचरला, "पण तुमचं तर..."

"काका-बिका काही नाही! मी ग्राहक बोलून राह्यलो!" आणि फोन आपटला.

मॅडमनी भुवया उंचावल्या आणि पर्समधून कागद काढला. त्या पहिली ओळ लिहीत होत्या तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी पौर्णिमा मॅडम. परवा इंटरनेट नसल्यामुळे लयच पंचाईत झाली, असं त्या म्हणत होत्या आणि मागे कोणीतरी खुदुखुदू हसत होतं. मग ती सूनबाई, जिला इंटरनेट माहीत नव्हतं. ती पाठ केल्यासारखं वाक्य एका दमात म्हणाली आणि शेवटी 'बरोबर म्हटलं का?' असं कोणाला तरी विचारत तिने फोन ठेवला. मग लामता गावचे कोणी पुनाराम. त्यांच्या गावात तर अजून केदारची तार पोचलीही नव्हती. ते बालाघाटात सोयऱ्यांकडे सोनं द्यायला आले होते.

केदार पहिल्या फोनला नुसता चक्रावला होता. तिसऱ्याला त्याला समजलं. आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन, चपला झिजवत, बंडोपंत या घरातून त्या घरात चालले होते. ज्या खोलीत पाय ठेवायचा नाही म्हणून पोराने बजावलं, ती खोली वाचवायला ते पुन्हा एकदा सगळ्या गावाच्या पाया पडत होते.

दुलीचंद सेठ फोनवर आले ते नुकसानीचा आकडा सांगतच. तांदूळ, भाव, गाड्या, असं बरंच काही बोलून झाल्यावर त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "बस इतना ठीक है क्या, बेटा? के और बोलू?"

"ठीक आहे, सेठ," केदार म्हणाला.

प्राची चहाचा ट्रे धरून जमिनीकडे पाहत उभी होती. मधुवंती मॅडमचा कागद भरत आला होता.

"कमाल आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या कोरड्या आवाजात पहिल्यांदा ओलावा आला. "खरं सांगू? मी नाही म्हणायच्या तयारीने आले होते. मला वाटलं होतं बालाघाटात कोण वापरतंय. पण नागपुरातले सीताबर्डीवरचे व्यापारी इतका आरडाओरडा करत नाहीत हो." त्यांनी पर्स उघडली आणि आतून कराराचे कागद काढून टेबलावर ठेवले. "एक दिवस बंद पडल्याचं मी सांभाळून घेईन. पूजेचं काही लिहीत नाही. इथे सही करा."

केदारने पेन हातात घेतलं. एक सही, आणि सगळा जिल्हा त्याचा. नोकरी सोडल्यावर ज्यांनी ज्यांनी तोंड वाकडं केलं होतं त्यांची तोंडं बंद. त्याने कागद पुढे ओढला. फोन वाजला.

"हैलो," पलीकडून आवाज आला. मागे बसस्टँडवरच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "हम एक ग्राहक बोल रहे हैं."

माणसाने आवाज जाड काढला होता, आणि हिंदी अशी बोलत होता जशी बालाघाटात फक्त सरकारी अर्जात लिहितात.

"निवेदन यह है कि परसों आपका इंटरनेट दिनभर बंद रहा. ग्राहकों को अत्यंत असुविधा हुई."

केदारच्या हातातलं पेन करारावर गळून पडलं.

"हैलो? सुन रहे हैं?"

"जी," केदार म्हणाला. "सुन रहा हूँ."

"जिस किसी ने बंद किया हो, उस पर उचित कार्यवाही होनी चाहिए. ऐसे आदमी को..." आवाज अडखळला, त्याने खाकरून घसा साफ केला. "ऐसे आदमी को मशीन के पास जाने नहीं देना चाहिए."

समोर मधुवंती मॅडम पेन सरसावून बसल्या होत्या. केदारने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"कार्यवाही हो गई, साहब," तो म्हणाला. "जरा ज्यादा ही हो गई. बहुत ज्यादा हो गई."

"नहीं, नहीं," मग तो म्हातारा आवाज हळूच म्हणाला, जाडेपणा विसरून. "ज्यादा नाही झाली. चूक होती त्याची."

आणि फोन बंद झाला. केदारने रिसीव्हर सावकाश खाली ठेवला, वळून टेबलाशी आला आणि करारावर पडलेलं पेन उचलून त्याला टोपण लावलं.

"आणखी एक?" मधुवंती मॅडम हसत म्हणाल्या. "हीपण लिहू ना?"

"ही लिहा, मॅडम," केदार म्हणाला. "तेवढी ही एकच खरी आहे."